कपात कॉफी किती आणि दूध-साखर किती?

कोल्हापुरात पाहुण्याला कॉफी द्यायची तर ती निव्वळ दुधाची, ही घरोघरची रीत. पाणी घालून कॉफी केली असं सांगायलाही गृहिणीला कमीपणा वाटतो. यात नवल काही नाही. गंगावेशीत संध्याकाळी म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देणारं हे शहर. १९६३ मध्ये सुरू झालेला गोकुळ दूध संघ इथला, पंचगंगा-वारणेच्या काठचा ऊस इथला, साखर कारखानेही इथलेच. दूध आणि साखर हात राखून वापरायची सवय आपल्याला लागणार कुठून?

अलीकडे कॉफी आरोग्याला चांगली असं वाचून अनेक जण चहाकडून कॉफीकडे वळले आहेत. त्यांनी जे वाचलं ते बऱ्याच अंशी खरं आहे. मात्र हे संशोधन बहुतेक युरोप-अमेरिकेत झालं आणि तिथली कॉफी म्हणजे मुख्यतः पाण्यात उतरवलेला अर्क, वर घातलंच तर थोडंसं दूध. आपण पितो तो कप वेगळा आहे. ते फायदे आपल्याला मिळवायचे असतील तर आधी आपला कप बदलायला हवा, आणि तो चवीला मुरड न घालता बदलता येतो असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये नेमक्या याच प्रश्नावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४६ हजार प्रौढांच्या खाण्यापिण्याच्या नोंदी त्यांनी पुढच्या वर्षांतल्या मृत्यूंशी ताडून पाहिल्या. बिनदुधाची, बिनसाखरेची किंवा दोन्ही अगदी कमी घातलेली कॉफी पिणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कॉफी न पिणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी आढळलं. भरपूर साखर आणि संपृक्त चरबी घालून पिणाऱ्यांत असा फायदा दिसला नाही. कमी म्हणजे किती? सुमारे २४० मिलिलिटरच्या मोठ्या कपाला अडीच ग्रॅम साखर, म्हणजे अर्धा चमचा, आणि एक ग्रॅम संपृक्त चरबी.

आता आपला कप मांडून बघू. डेअरीवर ‘फॅट किती लागली’ हा रोजचाच प्रश्न, त्यामुळे हा हिशेब कोल्हापूरकरांना अवघड नाही. म्हशीच्या दुधाला साडेसहा फॅट धरली तर निव्वळ दुधाच्या १५० मिलिलिटर कॉफीत जवळपास दहा ग्रॅम स्निग्धांश येतो आणि त्यातला सहा ग्रॅमच्या आसपास संपृक्त असतो. वर दोन चमचे साखर, म्हणजे आठ-दहा ग्रॅम. कप त्या अभ्यासातल्या कपापेक्षा लहान, पण चरबी मर्यादेच्या सहापट आणि साखर तिप्पट-चौपट. असे तीन कप दिवसाला झाले तर साखरच पंचवीस-तीस ग्रॅमवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरातली वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, आणि इथे तर अजून जेवणही झालेलं नाही.

साखरेऐवजी गूळ घातला की प्रश्न मिटला, असं बरेच जण मानतात. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि त्याची चव न्यारीच आहे, पण रक्तातली साखर वाढवण्याच्या बाबतीत तो साखरेचा सख्खा भाऊ आहे. गुळाची कॉफी आवडत असेल तर जरूर प्या, मात्र चमचे मोजूनच. भांडं गॅसवरून उतरवल्यावर गूळ घाला, नाही तर दूध फाटायची भीती असते.

दुधाला वाईट ठरवण्याचा माझा हेतू नाही. वाढत्या वयाच्या मुलाला, तालमीत घाम गाळणाऱ्याला, वजन घटलेल्या आजीला दूध हवंच. ते दूध म्हणून, आहार म्हणून पोटात जावं. बैठं काम करणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने मात्र दिवसाला अर्धा लिटर म्हशीचं दूध कॉफीच्या नावाखाली पिऊन वर कॉफीच्या गुणांची अपेक्षा धरू नये.

कॉफीत गुण येतो कुठून? सगळ्यांना ठाऊक असतं ते कॅफिन. दिवसभर जागं राहिल्यावर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्यामुळे झोप येऊ लागते. कॅफिन त्याची जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी वाटते. पण बीमध्ये क्लोरोजेनिक आम्लांसारखी इतर शेकडो द्रव्यंही असतात आणि कॉफीच्या फायद्यांत त्यांचा वाटा मोठा दिसतो. कॅफिन काढून टाकलेल्या कॉफीतही अनेक फायदे टिकून राहतात, यावरून हे लक्षात येतं.

सर्वांत भक्कम पुरावा यकृताबाबत आहे. ब्रिटनमधल्या सुमारे ४ लाख ९५ हजार लोकांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉफी पिणाऱ्यांत यकृताच्या दीर्घकालीन आजारांचा धोका २१ टक्क्यांनी कमी होता आणि अशा आजाराने मृत्यू येण्याचं प्रमाण ४९ टक्क्यांनी कमी होतं. दळलेल्या बियांच्या कॉफीत हा परिणाम जास्त स्पष्ट दिसला, इन्स्टंटमध्ये थोडा कमी. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर’ लिहून येणं आता घरोघरी झालं आहे, म्हणून ही गोष्ट आपल्या कामाची. पण त्या यकृतावर चरबी चढवण्यात साखरेचाही हात असतो, तेव्हा दोन चमचे साखर घालून यकृतासाठी कॉफी पिण्याला अर्थ उरत नाही. दारूचा उतारा म्हणून तर कॉफीकडे मुळीच पाहू नये.

मधुमेहाचंही तसंच आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार रोजच्या प्रत्येक कपामागे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका साधारण नऊ टक्क्यांनी कमी आढळतो, कॅफिनविरहित कॉफीत सुमारे सहा टक्क्यांनी. कंपवाताबाबत होनोलुलूमध्ये आठ हजार जपानी-अमेरिकन पुरुषांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. २००० मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या निष्कर्षांत कॉफी अजिबात न पिणाऱ्यांत कंपवाताचं प्रमाण सर्वाधिक पिणाऱ्यांच्या पाचपट होतं. कर्करोगाची जुनी भीतीही आता निवळली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाचा संशय कॉफीवर ठेवला होता, तो २०१६ मध्ये मागे घेतला. त्याच वेळी एक नवा इशारा मात्र दिला: ६५ अंश सेल्सिअसच्या वरचं कोणतंही कढत पेय अन्ननलिकेला घातक ठरू शकतं. कॉफी बशीत ओतून पिण्याची आजोबांची पद्धत या दृष्टीने शहाणपणाची होती. कपानेच पिणाऱ्यांनी चार-पाच मिनिटं थांबावं.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. वरचे बहुतेक अभ्यास माणसांच्या सवयी आणि आजार यांची तुलना करणारे आहेत. कॉफी पिणारा माणूस इतर बाबतींतही वेगळा असू शकतो. त्यामुळे कॉफीने आजार टळतोच असं यातून सिद्ध होत नाही. ज्यांना कॉफी आवडत नाही त्यांनी औषध म्हणून ती सुरू करण्याची गरज नाही. ज्यांना आवडते त्यांनी मात्र अपराधी वाटून घेऊ नये, एवढा आधार हे संशोधन नक्की देतं.

किती प्यावी, याचं उत्तर आपल्याच देशातल्या संस्थेने दिलं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितली. १५० मिलिलिटर फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. तेव्हा फिल्टर कॉफीचे दोन, फार तर तीन कप. यात चहा मोजायला विसरू नका. सकाळी घरी दोन चहा, ऑफिसात दोन कटिंग आणि वर कॉफी असा आपला दिवस असतो, आणि सगळं कॅफिन एकाच खात्यात जमा होतं.

पुडीवरचा बारीक मजकूर वाचण्याची सवय लावून घ्या. बाजारातल्या अनेक पुड्यांत कॉफीबरोबर चिकोरी असते. चिकोरी हे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. तिने काढा दाट आणि गडद होतो, पण तिच्यात कॅफिन नसतं. कायद्याने मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते आणि तिचं प्रमाण पुडीवर छापणं बंधनकारक आहे. चिकोरी अपायकारक नाही, पण अर्धी पुडी चिकोरीची असेल तर कॉफीचा गुणही अर्ध्यावर येणार. ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरीची पुडी किंवा निव्वळ कॉफी मिळाली तर ती घ्या. सुटी पूड दळून देणाऱ्या दुकानात मध्यम भाजलेली मागा, फार काळी भाजली की क्लोरोजेनिक आम्लं जळून जातात. अरेबिकापेक्षा रोबस्टात कॅफिन जवळपास दुप्पट असतं, म्हणून ज्यांना धडधड जाणवते त्यांनी अरेबिका निवडावी.

चांगल्या कॉफीसाठी आपल्याला दूर जायला लागत नाही. देशातल्या कॉफीपैकी सुमारे सत्तर टक्के शेजारच्या कर्नाटकात पिकते. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणल्याची कथा ज्या चिक्कमगळूरच्या डोंगरांशी जोडली जाते, ते डोंगर आपल्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर आहेत. महाराष्ट्रात चिखलदऱ्याला कॉफी होते. आणि राजर्षी शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफी लावून पाहिली होती, हे आज किती कोल्हापूरकरांना माहीत आहे? एका संस्थानिकाने आपल्या डोंगरांवर नवं पीक रुजवण्याची केलेली ती धडपड शाळेच्या पुस्तकात यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

करण्याची पद्धत बदलली की चव सांभाळून दूध कमी करता येतं. आपल्याकडे दूध उकळत ठेवून त्यात चमचाभर पूड टाकतात. पूड दुधात नीट उतरत नाही, कॉफी फिकी लागते, मग साखर वाढते. त्याऐवजी दक्षिणेकडचा दोन मजली स्टीलचा फिल्टर घ्या. वरच्या भांड्यात तीन चमचे भरून पूड घाला, चकतीने हलकी दाबा आणि उकळी येऊन किंचित निवलेलं पाणी सावकाश ओता. पंधरा-वीस मिनिटांत खाली दाट काढा जमतो, तो दोन-तीन कपांना पुरतो. एका कपाला साधारण ४० मिलिलिटर काढा, तेवढंच गाईचं किंवा टोन्ड दूध आणि उरलेलं गरम पाणी. तीन टक्के फॅटच्या ४० मिलिलिटर दुधात संपृक्त चरबी एक ग्रॅमच्या आतच राहते. काढा दाट असल्याने कॉफी पाणचट लागत नाही. साखर एकदम बंद करू नका. दर आठवड्याला पाव चमचा कमी केली तर जीभ तक्रार करत नाही.

पूड पाण्यात खळाखळा उकळून गाळणीने गाळायची सवय असेल तर कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांनी ती सोडावी. बियांच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. उकळलेल्या कॉफीत ते सर्वाधिक उतरतं, कागदी फिल्टर ते जवळजवळ सगळं अडवतो आणि इन्स्टंटमध्ये ते फारच थोडं असतं.

आणि जायफळ? लग्नघरात, भजनाच्या रात्री जायफळ-वेलदोड्याची कॉफी हवीच. चिमूटभर जायफळाने काही बिघडत नाही. मात्र जायफळ घातलंय म्हणजे झोप येईल, या भरवशावर रात्री दहाला कॉफी पिऊ नका. जायफळ कॅफिनला रद्द करत नाही. जास्त जायफळ तर विषारीच असतं, म्हणून किसणीवर एक-दोनदाच फिरवा.

वेळेचा मुद्दा मला प्रमाणाइतकाच महत्त्वाचा वाटतो. पोटात गेलेलं कॅफिन अर्धं व्हायला साधारण पाच तास लागतात. एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन घेतलेल्यांची झोप तासाभराहून अधिक घटली. अमेरिकेत शंभर जणांना काही दिवस कॉफी प्यायला आणि काही दिवस टाळायला सांगून २०२३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉफीच्या दिवशी ते सुमारे हजार पावलं जास्त चालले, पण झोप सरासरी ३६ मिनिटांनी कमी झाली. २०२५ मध्ये आलेल्या आणखी एका अभ्यासात सकाळच्या वेळीच कॉफी पिणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कॉफी न पिणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी दिसले, दिवसभर पीत राहणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही. तेव्हा सकाळी रंकाळ्यावरून फिरून आल्यावरची कॉफी उत्तम, दुपारच्या जेवणाआधीची चालेल, चारनंतरची टाळा.

जेवणाला लागून कॉफी नको, आणि हे मी बायकांना विशेष आग्रहाने सांगते. कॉफीतली द्रव्यं अन्नातल्या लोहाला पकडून ठेवतात. एका जुन्या प्रयोगात जेवणाबरोबर कप घेतल्यावर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने काही बिघडलं नाही, पण जेवणानंतर तासाने घेतलेल्या कॉफीने तेवढाच अडथळा आणला. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळलं. सगळ्यांना वाढून शेवटी आपण जेवायचं आणि लगेच कपभर कॉफी किंवा चहा घेऊन टेकायचं, ही सवय त्या पालेभाजीतलं आणि नाचणीच्या भाकरीतलं लोह वाया घालवते. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. लोहाची गोळी चालू असेल तर ती कॉफीबरोबर कधीच नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

तालमीतल्या आणि मैदानावरच्या पोरांसाठी थोडं वेगळं. व्यायामाआधी तासभर घेतलेलं कॅफिन दम टिकवतं, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २००४ पासून ते बंदीच्या यादीतून काढलं आहे. किलोला तीन मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे सत्तर किलोच्या खेळाडूला दोनशेच्या आसपास, फिल्टर कॉफीचे दोन कप. खासबागेत कुस्ती असो की शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना, त्या दिवशी पहिल्यांदा प्रयोग करू नका. आधी सरावात घेऊन पाहा, काहींना हात थरथरतात, काहींचं पोट बिघडतं. कॉफीवर एनर्जी ड्रिंक तर नकोच. बारा वर्षांच्या आतल्या मल्लाला आणि फुटबॉलपटूला दूधच द्या.

गरोदर स्त्रियांनी दिवसाचं कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं, म्हणजे एखादा कप कॉफी आणि एखादा चहा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत कॅफिन शरीरातून बाहेर पडायला कितीतरी जास्त वेळ लागतो. रक्तदाब १६०/१०० च्या वर असणाऱ्यांनी तो आटोक्यात येईपर्यंत दिवसाला एका कपावर थांबावं. जपानमधल्या एका मोठ्या अभ्यासात अशा लोकांत दोन किंवा अधिक कप पिणाऱ्यांचा हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका दुप्पट आढळला. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि कॉफी त्यानंतर तासाने. गोळीवर लगेच कॉफी घेतली तर ती नीट शोषली जात नाही आणि डोस वाढवावा लागू शकतो. ज्यांना जळजळ होते त्यांनी उपाशीपोटी आणि झणझणीत मिसळीवर कॉफी टाळावी. रोजची औषधं चालू असतील तर कॉफीचं प्रमाण डॉक्टरांना सांगा, ते विचारतीलच असं नाही.

दिवसाला सहा-सात कपांची सवय असेल आणि ती कमी करायची असेल तर एका दिवसात तोडू नका. कॅफिन अचानक थांबवलं की बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकू लागतं, चिडचिड होते, आणि हा त्रास आठवडाभरही टिकू शकतो. निर्जळी उपासाच्या दिवशी अनेकांचं डोकं दुखतं, त्यामागे भुकेइतकंच हेही कारण असतं. उपासाच्या आठवडाभर आधीपासून दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करत या. कप सोडवत नसेल तर दुसरा मार्ग आहे: घरच्या डब्यातल्या कॉफीत दर आठवड्याला थोडी चिकोरी वाढवत न्या. कप तेवढेच राहतात, रंग आणि दाटपणा तोच राहतो आणि कॅफिन हळूहळू उतरत जातं.